परवानगी तात्पुरती, बाजार खुला

शेतकरी कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा राहून नव्या औषधाची बाटली हातात घेतो, तेव्हा त्या बाटलीवर एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक फरिदाबादहून येतो. तो देण्याआधी कोणी काय तपासले, कुठे तपासले, किती हंगाम तपासले आणि काय तपासायचे राहून गेले, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही माझा भर एका टप्प्यावर आहे. रसायन प्रयोगशाळेतून आणि चाचणीच्या प्लॉटमधून बाहेर पडले आहे, पण पक्की मान्यता अजून मिळायची आहे. किंवा मान्यता मिळाली आहे, पण खऱ्या वावरातला त्याचा हा पहिलाच हंगाम आहे. या मधल्या काळात सरकारची नजर कुठे असते? माझे म्हणणे असे की विक्रीचे पहिले काही हंगाम हीच कोणत्याही नव्या रसायनाची सर्वांत मोठी चाचणी असते. आपल्या कायद्याने ते मान्य केलेले नाही, म्हणून त्या चाचणीचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही.

हा प्रश्न नागपुरात बसून विचारायला कारण आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून इथे आहे. पाण्यातले आणि मातीतले विषारी अंश मोजणारी ‘नीरी’ इथे आहे. केंद्र सरकारचे एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र इथे आहे, महाराजबागेचे १९०६ सालचे कृषी महाविद्यालय इथे आहे आणि सरकारला जाब विचारणारे उच्च न्यायालयाचे खंडपीठही इथेच आहे. कीड ओळखणारे, विष मोजणारे आणि न्याय देणारे एका शहरात नांदतात. या शहरापासून साधारण दीडशे किलोमीटरवर यवतमाळ आहे. तिथे २०१७ मध्ये जे घडले ते यांच्यापैकी कोणालाही वेळेत दिसले नाही. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी कायदा पाहू, कारण तो कायदाही एका विषबाधेतूनच जन्मला आहे.

१९५८ च्या उन्हाळ्यात केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. अन्नधान्याच्या मालासोबत जहाजातून पॅराथिऑन हे कीटकनाशक आले होते. ते गळून पिठात मिसळले आणि ते पीठ लोकांनी खाल्ले. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. त्या आयोगापासून कायदा होईपर्यंत दहा वर्षे गेली. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. तेव्हापासून फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती या जोडगोळीच्या संमतीशिवाय देशात एकही कीटकनाशक आयात करता येत नाही की बनवता येत नाही.

कायद्याचे नववे कलम हा या सगळ्याचा कणा आहे. औषध किडीवर चालते आणि माणसाजनावरांना सुरक्षित आहे अशी खात्री पटल्यावर समिती नोंदणी देते. ही खात्री आकड्यांवर होते. कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी, एकाहून अधिक हंगाम, छोट्या प्लॉटमध्ये औषध फवारून कीड किती मेली, पिकाला इजा झाली का, दाण्यात किंवा सरकीत अंश किती उरला, याच्या नोंदी करतात. उंदीर, ससे, मासे, मधमाश्या यांच्यावरचे प्रयोग वेगळे. हे काम कष्टाचे आहे आणि ते करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या प्लॉटमध्ये फवारणारा माणूस प्रशिक्षित असतो, पंप तपासलेला असतो, मात्रा मापाने मोजलेली असते, हातमोजे असतात आणि एका दिवशी एकच औषध मारले जाते. ऑगस्टच्या उकाड्यात उघड्या अंगाने, चिखलात अनवाणी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोजंदारीवर पंप पाठीवर वाहणारा गडी त्या प्लॉटमध्ये कधीच नसतो.

याच कलमात दुरुस्तीने ३-ब हे पोटकलम आले आहे. औषध भारतात पहिल्यांदाच येत असेल, तर चौकशी पुरी होईपर्यंत, समिती घालील त्या अटींवर, दोन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी देता येते. हेतू चांगला आहे. परदेशातली माहिती हाताशी आहे, इथली माहिती जमवायची आहे, तोवर दार पूर्ण बंद ठेवू नये. जैविक कीटकनाशकांना तर या मुदतीत विक्रीचीही मुभा मिळते, आणि ट्रायकोडर्मासारख्या बुरशीच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. मात्र पोटकलमात मर्यादा लिहिली आहे ती केवळ काळाची. किती लिटर, किती जिल्हे, कोणत्या शेतकऱ्यांच्या हाती, नोंद कोण ठेवणार, हे सगळे समितीच्या मर्जीवर सोडले आहे. पुढे एकदा पक्की नोंदणी झाली की त्याच कलमाचे चौथे पोटकलम लागू होते आणि दुसऱ्या, तिसऱ्या, पन्नासाव्या कंपनीला त्याच अटींवर तेच औषध विकता येते. तात्पुरत्या टप्प्यात जे तपासायचे राहिले, ते मग पन्नास बाटल्यांत राहिलेले असते.

खतांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी उघडपणे दिसते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २०-अ हे खंड आहे. ज्या खताचे प्रमाण आदेशाच्या सूचीत नाही, त्यासाठी केंद्र सरकार जास्तीत जास्त तीन वर्षांपुरते प्रमाण जाहीर करू शकते आणि तेही व्यापारी चाचण्या घेण्यासाठी. म्हणजे आपल्या कायद्याला ‘बाजारात चाचणी’ ही कल्पना परकी नाही; ती त्यात चक्क लिहिलेली आहे. नॅनो युरियालाही फेब्रुवारी २०२१ मध्ये याच आदेशाखाली तीन वर्षांपुरती मान्यता मिळाली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र, आणि दावा असा की ती बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल. पाहता पाहता कोट्यवधी बाटल्या देशभर विकल्या गेल्या. पुढे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत, नेहमीचे नत्र कमी करून त्याजागी हे द्रव वापरल्यावर गहू आणि भाताचे उत्पादन घटल्याचे आढळले. उत्पादकांना हा निष्कर्ष मान्य नाही आणि शास्त्रज्ञांमध्ये त्यावर वाद चालू आहे. कोण बरोबर याचा निवाडा मी इथे करत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. वाद मिटण्याआधीच माल घरोघरी पोचला होता, आणि ज्या तीन वर्षांत सावधपणे पाहायचे त्याच तीन वर्षांत तो सर्वांत जोरात खपवला गेला.

जैव-उत्तेजकांची कथा याहून ढोबळ आहे. विदर्भात शेतकरी त्यांना सरसकट टॉनिक म्हणतो. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ल, कशाकशाचे मिश्रण. पात्या गळू नयेत, बोंडे वाढावीत म्हणून औषधाच्या पंपातच एक झाकण टॉनिकचे पडते. २०२१ पर्यंत या मालाला कीटकनाशकाचा कायदाही लागत नव्हता आणि खताचा आदेशही लागत नव्हता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांना खत आदेशाखाली आणले गेले आणि आधीपासून बाजारात असलेल्या मालाला तात्पुरती नोंदणी देण्यात आली. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत २०२५ च्या जूनपर्यंत गेली. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्या वर्षी स्वतः सांगितले की एके काळी अशी सुमारे ३०,००० उत्पादने विकली जात होती, मग ८,००० उरली आणि कडक तपासणीनंतर साधारण ६५०. बाकीच्या हजारो बाटल्यांचे पैसे शेतकऱ्यांनी मोजले होते, बहुतेकदा उधारीवर, आणि ते परत मिळण्याची कोणतीही वाट कायद्यात नाही.

अमेरिकेत हा टप्पा वेगळ्या रीतीने बांधलेला आहे, म्हणून त्याची ओळख करून देतो. विषारी पदार्थ नियंत्रणाचा तिथला कायदा १९७६ चा. नवे औद्योगिक रसायन बनवण्याच्या ९० दिवस आधी पर्यावरण संरक्षण संस्थेला कळवावे लागते. ते आधी थोड्या ग्राहकांत विकून पाहायचे असेल, तर चाचणी-विक्रीपुरती सूट मागता येते आणि संस्थेला ४५ दिवसांत हो किंवा नाही सांगावे लागते. सूट मागणाऱ्याने किती माल बनवणार, किती ग्राहकांना देणार, किती काळ विकणार आणि किती माणसांचा त्याच्याशी संबंध येणार, हे लिहून द्यायचे. संस्था त्यावर आणखी बंधने घालू शकते. कीटकनाशकांसाठी तिथे वेगळा कायदा आहे आणि जमिनीवरचा प्रयोग १० एकरांच्या पुढे गेला की प्रायोगिक वापराचा परवाना लागतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. नव्या औद्योगिक रसायनाच्या विषारीपणाचे प्रयोग आधी करूनच या, अशी सक्ती तो कायदा करत नाही. कंपनीच्या हाती जी माहिती असेल ती दिली की पुरते, ही त्याची मोठी उणीव आहे. पण ‘मर्यादित’ म्हणजे किती, हे तिथे आकड्यात सांगावे लागते. आपल्याकडे मर्यादा कॅलेंडरवर असते, आणि कॅलेंडर पुढे ढकलता येते.

आता यवतमाळ. २०१७ चा हंगाम आठवा. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणाला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. वर पांढरी माशी आणि तुडतुडे होतेच. कृषी केंद्रवाल्याने सांगितलेली दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळायची आणि दाट, उंच पिकात शिरून डोक्याच्या पातळीवर फवारा मारायचा, असे आठवडेच्या आठवडे चालले. कमी कष्टात जास्त फवारणारे चिनी बनावटीचे पंप आले होते. त्यांचे तुषार बारीक, अंगावर आणि श्वासात जाणारे. जुलैपासून माणसे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागली. उलट्या, श्वास अडकणे, डोळ्यांपुढे अंधार. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दाखल झाली. मेलेल्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात मजुरीने गेलेलेही होते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत हे राज्याच्या ध्यानात आले नाही.

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. नागपूर खंडपीठात जनहित याचिका आली. नोव्हेंबरमध्ये राज्याने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. तोपर्यंत फवारणीचा जोर ओसरला होता, कापूस वेचणीला आला होता.

यांतले एकही औषध तात्पुरत्या नोंदणीवरचे नव्हते, हे मला ठळकपणे सांगायचे आहे. सगळी पक्क्या नोंदणीची, काही तर दशकानुदशके विकली जाणारी. म्हणूनच हा प्रसंग आपल्या विषयाच्या मधोमध येतो. रीतसर मान्यता मिळालेली, वर्षानुवर्षे वापरातली औषधेही खऱ्या शेतात अशी वागली, तर दोन वर्षांच्या परवानगीवर आलेल्या नव्या रसायनाबद्दल आपण कशाच्या भरवशावर निश्चिंत राहायचे? फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडच्या मिश्रणाची नोंद उसाच्या हुमणीसाठी होती. ते कापसात पोचलेच कसे, हे विचारायला दुकानावर कोणी नव्हते. डब्यावरचा रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, हा औषध पोटात किंवा त्वचेवाटे गेल्यावर किती मारक आहे यावरून ठरतो. बारीक तुषार श्वासातून गेल्यास काय, आणि तीन औषधे एका पंपात एकत्र झाल्यास काय, हे त्या त्रिकोणात मावत नाही. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत अॅट्रोपिन कामी येते, रक्तातले कोलिनेस्टरेज मोजून निदान पक्के करता येते. डायफेन्थियुरॉनवर असा ठरलेला उतारा नाही. मिश्रण फवारलेला रुग्ण समोर आल्यावर डॉक्टरने कशावर इलाज करायचा?

पुढचा इतिहास लांबचा आहे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडने पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली; त्यांत डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस ही आपल्या यादीतली दोन होती. त्याच वर्षी यवतमाळच्या दोन विधवांनी आणि विषबाधेतून वाचलेल्या एका शेतकऱ्याने सिंजेंटा कंपनीविरुद्ध बासेलमध्ये दावा लावला. कंपनीला आरोप मान्य नाहीत. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने बंदी आणली ती २०२३ मध्ये, आणि शिल्लक साठा खपवायला मुदत देऊन. भाजीपाल्यावर ते २००५ पासूनच मना होते. भाजी खाणाऱ्याची काळजी अठरा वर्षे आधी घेतली गेली, कापसावर फवारणारा मागे राहिला.

कायद्याचे २७ वे कलम राज्याला विक्री थांबवू देते, पण थोड्या दिवसांपुरतीच. कायमचा निर्णय केंद्राचा. ही रचना मला अन्याय्य वाटते, कारण प्रेत राज्यातल्या जिल्ह्यात पडते आणि फाइल फरिदाबादला असते. त्याच्या आधीचे २६ वे कलम मात्र फार मोलाचे आहे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कीटकनाशकाच्या वापरातून झालेली प्रत्येक विषबाधा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवा, असे बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून कोणावरही घालू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, खासगी दवाखाना, कृषी केंद्राचा परवानाधारक, तालुक्याचा गुणनियंत्रण निरीक्षक, कोणालाही. असे कळवणे रोजच्या कामाचा भाग असते, तर जुलैतल्या पहिल्या काही रुग्णांनंतरच धोक्याची घंटा वाजली असती. त्यातल्या किती जणांचा जीव वाचला असता ते कोणी सांगू शकणार नाही, पण ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले नसते.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. कीड थांबत नाही. बोंडअळीने जुन्या औषधांना दाद द्यायचे सोडले की शेतकऱ्याला नवे औषध त्याच हंगामात हवे असते, पाच वर्षांनी नको. परवानगीला उशीर झाला की काळाबाजार फोफावतो. विनापरवाना तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे विदर्भात कसे पसरले ते आपण पाहिले आहे. छोट्या कंपन्या आणि जैविक औषधे बनवणारे बचत गट जड कागदपत्रांखाली दबतात. म्हणून तात्पुरती परवानगी रद्द करा असे मी म्हणत नाही. ती हवीच. पण अटी कोणाच्या खांद्यावर टाकायच्या हे आधी ठरले पाहिजे. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना तीन वर्षांपुरती सशर्त मान्यता मिळाली, तेव्हा कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र बिगर-बीटी कापसाचे ठेवा अशी अट होती. दोन-तीन एकरवाल्याने ती पाळायची होती, पाहायला कोणी येणार नव्हते, आणि त्या बियाण्याच्या पुड्या बांधावर पडून राहिल्या. गुलाबी बोंडअळीने दाद देणे सोडले त्याला हेही एक कारण आहे. पाळणे सर्वांत अवघड ज्याला, त्याच्यावरच अट टाकली की ती अट कागदावरच राहते.

म्हणून मला वाटते की दोन वर्षांची परवानगी घेणाऱ्या कंपनीने पहिल्या हंगामात ठरावीक तालुक्यांतच, ठरावीक लिटरच विकावे, आणि प्रत्येक विक्रीच्या पावतीवर पीक व क्षेत्र लिहिले जावे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे त्याच किमतीत मिळावेत. उकाड्यात रबरी पोशाख घालून फवारता येत नाही हे ठाऊक असताना तो लेबलवर लिहिणे ही फसवणूक आहे. तेव्हा पोशाख कापसाच्या शेतात वापरून पाहिलेला असावा. जिल्हा रुग्णालयाला औषधाच्या घटकांची आणि उपचाराची माहिती माल पोचण्याआधी मिळावी. पक्क्या नोंदणीचा अर्ज येईल तेव्हा प्लॉटमधल्या आकड्यांसोबत या तालुक्यांतल्या दवाखान्यांच्या नोंदीही समितीपुढे असाव्यात. कापूस संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ, ‘नीरी’चे रसायनशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर एकत्र बसले तर हे काम नागपुरातून विदर्भापुरते सुरू होऊ शकते. कीटकनाशक व्यवस्थापनाचे विधेयक २००८ मध्ये आले, २०२० मध्ये पुन्हा आले. नव्या कायद्याची वाट न पाहता यातले बरेच काही आजच्या २६ व्या कलमाखाली करता येण्याजोगे आहे.

पुस्तकाची रचना या क्रमानेच आहे. सुरुवातीची प्रकरणे नोंदणीची वाट दाखवतात; ती वकिलांसाठी नाहीत, कृषी सहायकाला आणि वाचणाऱ्या शेतकऱ्याला कळावीत अशी लिहिली आहेत. मधला मोठा भाग २०१७ च्या हंगामाचा आहे. शेवटी तीन नमुने जोडले आहेत: ग्रामपंचायतीने विषबाधेची नोंद कशी करावी, कृषी केंद्राकडून पक्के बिल कसे मागावे, आणि बाटलीवरच्या नोंदणी क्रमांकाबद्दल माहितीच्या अधिकारात नोंदणी समितीला काय विचारावे. शेवटचा नमुना भरून पाठवायला पोस्टाचे तिकीट आणि दहा रुपयांचे शुल्क पुरते, आणि तो अर्ज ज्याच्या वावरात औषध पडले आहे त्याच्याच नावाने जावा, अशी माझी विनंती आहे.